अनंताच्या अलीकडचं दार

रविवार, १८ ऑक्टोबर १९५९. चकलीच्या भाजणीचं धान्य निवडायचं आहे.

सुपात हरभऱ्याची डाळ आहे आणि नाकावर नुकताच लागलेला चष्मा. चष्मा लावला की डाळीतला खडा दिसतो, पण दारातून समोर पाहिलं तर मुलुंडचा डोंगर कुणीतरी ओल्या बोळ्याने पुसल्यासारखा होतो. चष्मा काढला की डोंगर जागेवर येतो आणि खडे डाळीत मिसळून जातात. डॉक्टर म्हणाले, चाळिशी आहे, असंच चालायचं. मी बरं म्हटलं. आमचे घरमालक आज असते तर त्यांनी हे ऐकून घेतलं नसतं. जवळचं आणि लांबचं एकाच काचेवर, एकाच वेळी, सारखंच स्वच्छ दिसलं पाहिजे, एवढ्या एका गोष्टीसाठी त्या माणसाने पेन्शनीतली सगळी वर्षं घालवली. आमच्या बैठ्या चाळीतल्या सहा बिऱ्हाडांच्या कितीतरी सकाळीही त्यातच गेल्या.

रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्मभर नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. उंच, वाळकुडे, खाकी अर्धी विजार, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग. त्यांच्या जानव्यापेक्षा ती दोरी जास्त मळलेली असायची. चाळीच्या टोकाला स्वतःच्या दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे. चाळीमागे भातखाचरं, त्यापलीकडे गवताचा माळ आणि मग डोंगर. त्या डोंगराचा फोटो काढणं हाच त्यांचा उद्योग. कॅमेरा सागवानी, ट्रंकेएवढा, पुढे भिंग, मधे हार्मोनियमसारखा भाता, मागे दुधी काच. त्या काचेवर समोरचं सगळं उलटं पडतं. ते नीट दिसावं म्हणून फोटो काढणाऱ्याने काळं फडकं डोक्यावरून घेऊन आत शिरायचं.

माझी त्यांची ओळख त्या फडक्यामुळेच झाली. मी शाळेत शिवण शिकवते, म्हणून ते मला शिवणबाई म्हणत. मी चाळीत नव्याने राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते कापड घेऊन दारात उभे. आतून काळं, बाहेरून पांढरं, म्हणजे उन्हात डोकं तापत नाही. मधे जाड अस्तर, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून काठात शिशाचे तुकडे शिवायचे. शिवून दिलं तर हे माझ्यासमोरच फडक्यात शिरले आणि मला म्हणाले, कंदील घेऊन भोवती फिरा. मी फिरले. आतून आवाज आला, "उजव्या कोपऱ्यात एक टाका सुटलाय." सुटला होता. मी मुकाट्याने घातला. कुणी माझ्या कामात चूक काढली आणि ती खरी निघाली, असं फार वेळा झालेलं नाही.

बाजारात तेव्हा लहान कॅमेरे दिसायला लागले होते. त्यांना ते डब्या म्हणत. डबीच्या भिंगाभोवतीच्या कड्यावर शेवटी आडव्या आठासारखी खूण असते, ती अनंताची. लोक डोंगर दिसला की कडं तिथपर्यंत फिरवतात आणि मोकळे होतात. "अनंत म्हणजे आळस, बाई," ते म्हणायचे. "आपलं काम नेहमी अनंताच्या अलीकडे असतं." अनंतावर लावलं तर डोंगर येतो, पण पुढच्या गवताची आमटी होते. गवतावर लावलं तर डोंगर जातो. खरी जागा या दोन्हींच्या मधे, आणि माणसाला वाटते त्यापेक्षा बरीच अलीकडे. ती शोधायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी डोंगराची कड काचेवर स्वच्छ करायची आणि कॅमेऱ्याच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने खूण. मग पुढचं गवत स्वच्छ करून दुसरी खूण. मग दोन खुणांच्या मधोमध भाता आणून ठेवायचा. शेवटी भिंगाचं छिद्र मुगाच्या दाण्याएवढं बारीक करायचं, की जवळचं आणि लांबचं दोन्ही हळूहळू जागेवर येतं. त्याहून बारीक केलं तर मात्र पुन्हा सगळंच मऊ पडतं. तिथे लोभ करू नये, असं त्यांनी मला बजावलं होतं, जणू काही मी उद्यापासून डोंगराचे फोटो काढणार होते.

अडचण एकच. मधल्या त्या जागी नुसतं गवत. उलट्या काचेवर, भिंगातून पाहिलं तरी, गवत हे गवतासारखंच दिसतं. ते स्वच्छ आलंय की नाही, हे कळायला तिथे काहीतरी ठसठशीत हवं. म्हणून ते तिथे भाडेकरू उभा करायचे.

हे मी चेष्टेने सांगत नाही. कॅमेऱ्यापासून तीसेक फुटांवर भाडेकरूने वर्तमानपत्र छातीसमोर उघडून धरायचं आणि हलायचं नाही. फडक्यातून मथळा वाचता आला की जागा बरोबर. मग ते ओरडणार, "व्हा बाजूला." मग आपण पळत येऊन कॅमेऱ्यामागे उभं राहायचं, कारण फोटोत माणूस नको. बँकेतल्या एका भाडेकरूला हे काम कधी जमलं नाही. तो पेपर स्वतःकडे धरून वाचत बसे आणि ऐन वेळी पान उलटी. मी मात्र फार चांगली उभी राहते, असं त्यांचं मत होतं. शाळेत परीक्षेच्या वेळी तीन तीन तास उभं राहायची सवय होती मला.

हे उभं राहणं सकाळीच, वारा सुटायच्या आत, कारण छिद्र बारीक म्हणजे प्रकाश कमी, प्रकाश कमी म्हणजे वेळ जास्त, आणि तेवढ्या वेळात गवत हललं की वाट लागली. उन्हं चढली की हवा थरथरते, तेही चालत नसे. त्या सकाळी चाळीत शेगडी पेटवायची मनाई. धूर आडवा जातो. आम्ही चहाविना बसायचो आणि डोंगराला शिव्या द्यायचो. कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं डगमगू नये म्हणून त्याच्या मधोमध ते कुणाचा तरी वरवंटा टांगत. ज्या घरचा वरवंटा गेला त्या घरी त्या दिवशी पिठल्यावर भागवायचं.

शहरातल्या फोटोंच्या प्रदर्शनाला ते दरवर्षी एक डोंगर पाठवत आणि दरवर्षी तो परत येई. परीक्षकांना धुकं हवं असायचं, धूसर झाडं, धूसर होडी, धूसर म्हातारी. यांच्या फोटोत धूसर काहीच नसे. एकदा परीक्षकांनी कळवलं, फोटोत भाव नाही. यांनी उत्तर पाठवलं की धूसर पाहायचं असेल तर परीक्षकांनी चष्मा काढून पाहावं, खर्च नाही.

कुणाचाही फोटो दिसला की गळ्यातलं भिंग डोळ्याला जायचंच. चाळीतल्या एका मुलीला बघायला घाटकोपरहून मंडळी आली होती. मुलीचा स्टुडिओतला फोटो आधीच त्यांच्याकडे गेला होता आणि आता हातोहात फिरत होता. घरमालकही शेजारधर्म म्हणून बसले होते. भिंग लावून त्यांनी फोटो पाहिला आणि मुलाच्या बापाला सांगितलं, "नाक उत्तम आहे. कान गेलेत." त्यांना म्हणायचं होतं की फोटोग्राफरने नाकावर फोकस धरला आणि कान निसटले. पण बाप चपापला. मंडळी मुलीशी हळूहळू, ओठ न हलवता बोलायला लागली, ऐकू येतं का हे पाहायला. मुलीला वाटलं मुलाकडचे सगळेच असे पुटपुटे आहेत. तिने नंतर घरात स्पष्ट सांगितलं की मी या घरात नांदणार नाही, इथे कुणाला तोंड उघडून बोलता येत नाही. काकूंनी मधे पडून दोन्ही बाजूंना समजावलं तेव्हा लग्न झालं. लग्नात फोटो काढायला यांना बोलावलं नाही.

आता दाराचं.

चाळीमागे बायकांसाठी एक न्हाणीघर होतं, सहा बिऱ्हाडांत मिळून एकच. त्याचं दार फळ्यांचं, आणि फळ्या केव्हाच्या कुजलेल्या. खालची अर्धी फळी गळून पडली होती, वर लाकडातल्या गाठी निघून भोकं पडली होती. पूर्वी मागे कुंपणाची भिंत होती तोवर चाललं. मग भिंत पडली आणि तिथून कारखान्यांकडे जाणारी पायवाट झाली. सकाळच्या पाळीची माणसं दारापासून दहा फुटांवरून जायला लागली. जाताना सगळेच समोर बघून चालत नसत.

माझ्या शेजारी मालवणच्या वहिनी राहत. त्यांची थोरली मुलगी तेव्हा नववीत. तिने सकाळची अंघोळच सोडली. उजाडायच्या आत, काळोखात, सगळे कपडे अंगावर ठेवूनच ती दोन तांबे पाणी ओतून घ्यायची आणि तशीच ओली घरात पळायची. आम्ही बायका आळीपाळीने दाराबाहेर राखण करायचो, पण पोरीची भीती गेली नाही. कार्तिकात तिला खोकला धरला. तेव्हा मी घरमालकांना सांगितलं की आता दार बदललंच पाहिजे.

ते म्हणाले, "उन्हाळ्यात बघू." मागच्या उन्हाळ्यातही ते हेच म्हणाले होते. मी म्हटलं, काका, तुम्हाला मैलभरावरच्या डोंगरावरचं झाड दिसतं, आणि घरामागचं दार दिसत नाही. ते शांतपणे म्हणाले, "ते माझ्या चौकटीत येत नाही, बाई." त्यांच्या स्वतःच्या खोल्यांत आतच मोरी होती, हे त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं.

मी वहिनींना येऊन सांगितलं. वहिनी चूल सारवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तेका डोंगर दिसता, दार दिसणा नाय. मग दार डोंगरार न्हेऊन ठेव गो."

त्या रागाने म्हणाल्या, पण मला ते पटलं.

दुसऱ्याच दिवशी घरमालकांनी मला सांगितलं की हवा धुतल्यासारखी झाली आहे, उद्या सकाळी उभं राहायला या. मी हो म्हटलं. काकूंकडे जाऊन पकड मागितली. काकूंनी कशाला म्हणून विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की काम झालं की तेलाचा हात फिरवून परत ठेवा, ह्यांना गंज चालत नाही. दाराच्या बिजागऱ्यांना पकडीची गरजही पडली नाही, एक तर हातातच आली. सकाळी वहिनी पुढे आणि मी मागे, असं दार खांद्यावर घेऊन आम्ही माळाकडे निघालो. वाटेत भय्या दूध घेऊन येत होता. त्याने हंडा खाली ठेवला, हात जोडले आणि हळूच विचारलं, कौन गया? वहिनी म्हणाल्या, "अजून कोण गेला नाय. आता बघूया."

घरमालक फडक्यात शिरलेलेच होते. मी ठरल्या जागी दार उभं केलं. वहिनी त्यामागे उकिडव्या बसून ते धरून राहिल्या आणि मी त्यांच्यामागे उभी राहिले.

"पेपर उघडा," फडक्यातून आवाज आला.

मी म्हटलं, आज पेपर नाही, दुसरं आणलंय.

थोडा वेळ गेला. मग ते म्हणाले की लाकूड दिसतंय, आणि त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. लाकडाच्या शिरा, खिळ्यांची डोकी, त्यावरचा गंज, पेपरापेक्षा कितीतरी बरं, इतकी वर्षं कुणाला सुचलं कसं नाही. पाऊलभर मागे घ्या. डावीकडे कलतंय. बस. मग त्यांनी भिंग काचेला टेकवलं असणार, कारण बोलणं थांबलं.

"मधल्या फळीत काहीतरी लुकलुकतंय," ते म्हणाले.

"डोळा असेल."

"कुणाचा?"

"माझा. तिथली गाठ निघून गेली आहे."

फडकं हललं नाही. "आणि खाली?"

"वहिनींचा गुडघा. तिथे फळीच नाही."

डोंगरावर ऊन पडलं होतं, वारा मुळीच नव्हता, त्यांना हवी होती तशीच सकाळ. शेवटी ते म्हणाले, "हे दार कुठलं?"

"तुमचंच, काका."

"पायवाट त्याच्यापासून किती लांब?"

"दहा फूट."

ते आकडेमोड करत होते, हे मला इतक्या लांबून कळलं. तीस फुटांवरून एवढं, तर दहा फुटांवरून तिप्पट. त्यांना रडून सांगितलं असतं, भांडून सांगितलं असतं, पोरीचा खोकला ऐकवला असता, तरी उन्हाळ्यात बघू हेच उत्तर आलं असतं. हे गणित त्यांच्या भाषेतलं होतं. फडक्यातून पुटपुटल्यासारखा आवाज आला, "आणि तेही भिंग न लावता."

मग ते म्हणाले, "हलू नका," आणि आम्ही दोघी चौकटीत असतानाच त्यांनी फोटो काढला.

आम्हाला वाटलं, जिंकलो. पण दार परत न्यायला लागलो तर ते आडवे आले. असं खूण धरायचं साधन त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. त्यांनी माळावर खड्डा खणला आणि दार त्यात रोवून टाकलं. आता न्हाणीघराला दारच नाही. वहिनी मला म्हणाल्या, तुझ्या अकलेन आता सगळ्यांका रस्त्यार बसवलंस. दुपारी घरमालकांचं काळं फडकं काकूंनी उन्हात टाकलं होतं ते मी काढलं आणि न्हाणीघराच्या चौकटीला खिळे मारून लावलं. अस्तर जाड, कडेला शिसं, वाऱ्याने हलत नव्हतं. कुजक्या दारापेक्षा बरंच होतं, पण पोरगी काही आत जाईना. पडदा म्हणजे पडदाच, ती म्हणाली, कुणीही बाजूला करेल. बरोबर होतं तिचं.

संध्याकाळी घरमालक फडकं शोधत आले, न्हाणीघरासमोर उभे राहिले. काठ हातात धरून त्यांनी शिवण तपासली. त्याच्याविना त्यांना एकही फोटो काढता येणार नव्हता. मी म्हटलं, दार आलं की फडकं मिळेल. ते काठ सोडून घरी गेले.

दोन दिवस खोलीचं दार लावून ते बसले होते. तिसऱ्या दिवशी ओला फोटो आणि भिंग घेऊन माझ्याकडे आले. मागे डोंगर, त्यावरचं झाड न् झाड, पुढे गवताचं पातं न् पातं, आणि मधोमध आमचं दार. फोटोतल्या दाराच्या प्रत्येक भोकाभोवती त्यांनी लाल शाईने गोल काढला होता आणि बाजूला बारीक अक्षरात त्या त्या भोकाची मापं. "मी हे दार बघितलंच नव्हतं," ते म्हणाले. माफी वगैरे मागितली नाही. लगेच दुसरा कागद उलगडला. त्यावर नव्या दाराचा नकाशा होता, ड्रॉइंग ऑफिसात पुलाचा काढत असतील तसा.

सुतार आला. सागवानी फळ्या, एकीत एक बसवलेल्या, आतून लोखंडी कडी. दार लागलं तेव्हा चाळ सगळी जमली. पण घरमालकांनी कुणाला हात लावू दिला नाही. ते एकटे आत गेले आणि कडी लावून बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर कुजबुज सुरू झाली. काकू म्हणाल्या, काळजी करू नका, कॅमेऱ्याचा भाता ते असाच तपासतात. आधी डोळे काळोखाला सरावू द्यायचे, मग उजेडाची एखादी रेघ कुठून आत येते ते शोधायचं. आतून मधूनच ठोकल्याचा आवाज यायचा. लांबी लावत होते. बाहेर आले तेव्हा पांढऱ्या लांबीने हात भरलेले होते. त्यांनी जाहीर केलं की आता या दारातून उजेडाचा कणसुद्धा जात नाही.

खरंच जात नव्हता. वरच्या झरोक्यालाही त्यांनी फळी ठोकली होती. आत गेलं की साबण कुठे आणि तांब्या कुठे, काही कळेना. वहिनी म्हणाल्या की अंघोळ करताना आपले पाय आपल्याला दिसले तरी बरे. दुसऱ्या दिवशी घरमालकांनी फळी काढून झरोक्यात लाल काच बसवली. लाल उजेडात आम्ही सगळ्या बायका शेंदूर फासल्यासारख्या दिसायला लागलो. तरी पोरगी पहिल्यांदाच अंगावरचे ओले कपडे सोडून, कोरडी होऊन बाहेर आली. मी फडकं धुऊन, इस्त्री करून परत दिलं.

चारच दिवस बरे गेले. त्या शनिवारी सकाळी मी बादली घेऊन गेले तर आतून कडी. आत कोण आहे म्हणून विचारलं. घरमालकांचा आवाज आला, "दार वाजवू नका. फोटोची काच धुतोय." मुलुंडमध्ये एवढी काळोखी खोली दुसरी नव्हती, फोटो धुताना चालतो तेवढ्या लाल उजेडाची काच आयती होती, नळही आत होता. त्यांनी स्वतःच बांधलेल्या खोलीला स्वतःच भुलून ते तिथे बसले होते. बाहेर सहा बिऱ्हाडांच्या बायका बादल्या घेऊन रांगेत. पोरीची शाळेची वेळ झाली होती, तिची वेणीही व्हायची होती. ती बिनअंघोळीची गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी उठल्या उठल्या मी पोरीला हाक मारली, गरम पाण्याची बादली तिच्या हातात दिली आणि आत पाठवून कडी लावायला सांगितलं. बाहेर स्टूल टाकलं आणि शाळेतल्या परकरांना हातशिलाई घालत बसले. घरमालक काचांची पेटी काखेत आणि दोन ताटल्या हातात घेऊन आले. आतून पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, किती वेळ लागेल? मी सांगितलं, काच धुवायला तुम्हाला काल लागला तेवढा, आणि त्यानंतर नंबर माझा आहे.